आमच्या घरची अकोटची

मला माझ्या मैत्रिणीच्या स्थलांतराचा हेवा वाटतो. हे चारचौघांत बोलायचं नसतं, एवढं मला कळतं. लोकांचं घरदार सुटतं, भाषा सुटते, माणसं मागं राहतात, आणि आपण त्याचा हेवा करायचा म्हणजे जळकेपणाची हद्द झाली. पण पोट काय विचारून दुखतं? माझं तर तिचं नाव पेपरात आलं की दुखतं, आणि ते बऱ्याचदा येतं.

आम्ही दोघी अमरावतीला चित्रकलेच्या वर्गात शेजारी बसायचो. तिचे आजोबा इराणातल्या यझ्दकडच्या कुठल्याशा गावातून निघाले, मुंबई करत करत अमरावतीला पोचले आणि तिथं त्यांनी चहाचं हॉटेल टाकलं. ती स्वतः अमरावतीत जन्मली, अमरावतीतच वाढली, आणि 'कावून वं', म्हणजे 'का गं', म्हटल्याशिवाय तिचं वाक्य सुरू होत नसे. फारसीतल्या तिला शिव्या आणि खाण्याचे पदार्थ तेवढे यायचे. आज ती मोठी चित्रकार आहे. तिच्या चित्रांवर लिहिणारे 'विस्थापन', 'स्मृती', 'इराणी लघुचित्रांचा वारसा' असे शब्द वापरतात. मी अमरावतीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माझ्याविषयी आठवीतली मुलं लिहितात, आणि ती बाकावर लिहितात.

आता हेही सांगून टाकते, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. रेघ माझी चांगली होती. आमचे सर माझा कागद उचलून तिला दाखवायचे आणि म्हणायचे, 'रेघ अशी पाहिजे.' ती मान डोलवायची. तिला त्याचं काहीच वाटायचं नाही, आणि मला तिला काहीच वाटत नाही याचाही राग यायचा.

पण नुसत्या रेघेनं काय होतं? काढायला काहीतरी लागतं. तिच्याकडे आजोबा होते, जहाज होतं, वाळवंट होतं, सुटलेलं अंगण होतं. आमच्याकडे काय होतं? आमचं मूळ गाव तेल्हाऱ्याजवळ. वडील शिक्षक, त्यांची बदली झाली म्हणून आम्ही दर्यापूरला आलो, पुन्हा बदली झाली म्हणून अमरावतीला. झालं स्थलांतर. ट्रकमध्ये कपाट आडवं टाकलं, त्यावर खाट उलटी ठेवली आणि मांडीवर तुळशीचा डबा घेऊन आई ड्रायव्हरशेजारी बसली. तेही मी एकदा काढलं होतं, चांगलं मोठं, तैलरंगात. शिक्षकांच्या प्रदर्शनात लावलं. अध्यक्ष बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, 'वा! टायर अगदी हुबेहूब.'

तिच्या चित्रांत सगळ्यात प्रसिद्ध ते अनार. निळे घुमट, सरूची उंच झाडं, काळ्या शेतावरून होडीसारखा तरंगणारा गालिचा, त्यावर पाय दुमडून बसलेलं अख्खं कुटुंब, आणि या सगळ्याच्या कडेनं ओळीनं काढलेली लाल फळं. चार फाकी झालेली, आत पांढरं दिसणारी. तिच्या सहीपेक्षा लोक ते फुटलेलं अनार ओळखतात. एकानं लिहिलं की ते पांढरं म्हणजे सुटलेल्या गावचा बर्फ. दुसऱ्यानं लिहिलं की ते कफन आहे. कधी ती कोपऱ्यात त्याच अनाराची अर्धीच बाजू काढते. त्या अर्ध्या अनारांची तर तिनं एक मालिकाच केली, आणि 'अर्धवट राहिलेलं घर' म्हणून तिचं फार कौतुक झालं.

ते अनार आलं कुठून, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तिच्या अमरावतीच्या घरी पुढच्या खोलीत भिंतीवर एक गालिचा टांगलेला असायचा. लहानसाच होता, पण त्याचा मान मोठा. त्याला हात लावायचा नाही. तिचे वडील प्रत्येक पाहुण्याला सांगत, 'आमच्या वडिलांनी इराणहून खांद्यावर आणला.' त्याच्या काठावर ही फळं होती. मी तिच्याकडे अभ्यासाला जायची, चहा प्यायची, त्या गालिच्याकडे पाहायची आणि घरी येऊन उगाच भांडी आपटायची. आमच्या घरात सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे आत्या.

यंदा दिवाळीआधी तिचा फोन आला. अकोल्याला तिचं मोठं प्रदर्शन होतं. वऱ्हाडात पहिल्यांदाच, आणि घरचा तो गालिचाही मधोमध लावणार होती.

'तुले दोन शब्द बोला लागतीन वं,' ती म्हणाली. 'आपण सोबत शिकलो, तुह्यासारखं कोन बोलन?'

मी हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण हाताशी नव्हतं. मग चार दिवस मी मनातल्या मनात भाषण करत होते आणि प्रत्येक वेळी त्यात टोमणा येत होता.

अशा मनःस्थितीत मी तेल्हाऱ्याला भावाकडे गेले. आत्या तिथंच असते. दिवाळीच्या आधी गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवायचं असतं, ते काम तिनं मी यायची वाट पाहत राखून ठेवलं होतं.

'अकोटची बी काढ,' आत्या म्हणाली. 'गव्हाच्या कोठीखाली हाय.'

अकोटची म्हणजे आमची जाडी सतरंजी. तिला आमच्या घरी दुसरं नाव नव्हतं. 'पाहुणे आले, अकोटची टाक.' 'अकोटचीवर सांडू नको.' लहानपणी सुट्टीत आलो की सगळी पोरं तिच्यावर लोळायची, मी तिच्यावर पालथी पडून चित्रं काढायची. गेली कित्येक वर्षं कोठीखाली ओल चढू नये म्हणून ती तिथं दडपली होती. मी आणि भावजयीनं कोठी तिरपी करून ती ओढून काढली, अंगणातल्या तारेवर टाकली, आणि मी काठीनं झोडपायला लागले. धूळ उडाली. मैत्रिणीवरचा बराचसा राग मी त्या झोडपण्यात काढत होते, त्यामुळे धूळ चांगलीच उडाली आणि खालचे रंग वर आले.

काठावर ओळीनं लाल फळं होती. चार फाकी झालेली, आत पांढरी.

मी काठी टाकून दिली. फोन काढला, तिच्या निमंत्रणातला गालिच्याचा फोटो मोठा केला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. तीच ओळ, तोच निळा, तीच मधली सरूची झाडं. मग मी कोपरा उलगडला. कोपऱ्यात जागा कमी पडली म्हणून विणणाऱ्यानं एक फळ अर्धंच कोंबलं होतं. तिच्या गालिच्यातही तसंच, त्याच कोपऱ्यात.

'काय पाहून राहिली वं एवढं?' आत्यानं ओट्यावरून विचारलं.

'आत्या, हे काय आहे?'

'काय म्हंजे? बोंडं व्हय.'

'अनार नाही?'

'अनार असं उकलते काय? चार पाकळ्या, मंधात कापूस. कापसाच्या मुलखातली पोरगी तू, तुले बोंड नाई ओळखू येत?'

मग तिनं सांगितलं. अकोटला पूर्वी गालिचे विणायचे. एका वर्षी कापूस चांगला पिकला तेव्हा माझ्या आजोबांनी तिथल्या बाजारातून ही आणली. 'असेच लायनीनं टांगून राहत,' आत्या म्हणाली. 'इराणी नमुना म्हनत त्याले. पन विननारा इथचाच. सकाळसंध्याकाळ बोंडंच दिसत त्याले, तर हात तिकडंच वळन.'

मी ओट्यावर बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा माझ्या तर बुडाखाली होता. ज्या अनाराच्या नावानं मी इतकी वर्षं कुढले ते आमच्या शेतातलं बोंड होतं, आणि मी त्यावर पालथी पडून डोंगर आणि दोन डोंगरांतला सूर्य काढत होते.

पण हे कुढणं नंतरचं. आधी झाला तो आनंद, आणि तो काही चांगल्या जातीचा नव्हता. तिचा गालिचा इराणहून आलाच नव्हता. तिची जहाजं, तिचं वाळवंट, तिचा बर्फ आणि कफन, सगळं अकोटच्या बाजारातून आलं होतं. आणि ही गोष्ट अख्ख्या जगात दोघींनाच माहीत होती, एक मी आणि एक आत्या. आत्याला त्या गोष्टीचं महत्त्व कळत नव्हतं. त्या दिवशी मी तिखट वरणाबरोबर दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

भाषणात बोलायचं की आधी तिला एकटीला दाखवायचं, याचा मी खूप विचार केला. पेपरवाले असताना बोलले असते तर तिचं नाव धुळीला मिळालं असतं. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती, असं म्हणायला हरकत नाही. आणि खरं म्हणजे मला तिचा चेहरा जवळून पाहायचा होता. गर्दीत तो नीट दिसला नसता.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी अकोटची जुन्या पांढऱ्या चादरीत गुंडाळली, सुतळीनं तीन ठिकाणी बांधली आणि भावाच्या मदतीनं अकोल्याच्या बसमध्ये चढवली. कंडक्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

'बाई, मयत त नाई नं?'

'सतरंजी आहे.'

'मंग ठीक हाय. उभी ठेवा, आडवी नोका ठेवू.'

अकोल्याला ऑटोवाल्यानंही तेच विचारलं.

हॉलमध्ये मैत्रीण एकटीच होती. चित्रं लागली होती, मधोमध तिचा गालिचा वरून खास दिवा सोडून टांगला होता, समोर लाल दोरी. ती खाली मांडी घालून पाट्या लिहीत होती. मला पाहून उठली, गळ्यात पडली. अजून तशीच बारीक, केस पांढरे ठेवलेले, तेही तिला शोभणारे. मी सुतळ्या सोडल्या आणि अकोटची तिच्या पायाशी उलगडली.

तिनं पाहिलं. मग गुडघ्यावर बसली. आधी काठ पाहिला, मग सरळ कोपऱ्याकडे गेली.

'अर्धं बी हाय,' ती म्हणाली.

'ते अनार नाही,' मी म्हणाले. हे वाक्य मी बसमध्ये पाठ केलं होतं. 'ते बोंड आहे. हे अकोटला विणलेलं आहे. आमच्या आजोबांनी बाजारातून आणलं. तुझ्याही आजोबांनी तिथूनच आणलं.'

ती त्या अर्ध्या बोंडावरून बोट फिरवत राहिली. मी वाट पाहत होते. ती रडेल, चिडेल, निदान मला खोटं पाडेल. त्यासाठीच तर मी एवढं ओझं वाहून आणलं होतं.

'म्हंजे आजोबा रिकाम्या हातानं आले,' ती हळूच म्हणाली.

'असतील.'

'अन् अकोटच्या बाजारात हे टांगलेलं पाहून त्यायले घर आठवलं असन. मंग घरी आणलं, अन् सगळ्यायले सांगतलं का तिकडून खांद्यावर आणलं.' तिनं माझ्याकडे पाहिलं, डोळे भरले होते. 'कावून सांगतलं असन वं असं? काहीच नव्हतं त्यायच्यापाशी दाखवाले, म्हनून?'

मला आमचा तो ट्रक आठवत होता आणि मला तो आठवायला नको होता.

मग ती उठली, नाक पुसलं, आणि मला आत कुठंतरी समजलं की माझं काम बिघडलं. तिच्या डोळ्यांत जे आलं होतं ते मी ओळखत होते. वर्गात एखादं चित्र सुचलं की यायचं ते. तिनं हॉलवाल्या सुताराला हाक मारली. लाल दोरी काढायला लावली, तिचा गालिचा थोडा बाजूला सरकवला, शेजारी माझी अकोटची. ती टांगायची नाही म्हणाली, खाली अंथरायची, लोकांना जवळ जाऊ द्यायचं. पाटीवरचं 'इराणहून आणलेला' तिनं पेनानं खोडलं, पण वाचता येईल असंच खोडलं, आणि खाली लिहिलं, 'असं आजोबा सांगत.' अर्ध्या तासात तिचं प्रदर्शन आधीपेक्षा चांगलं झालं होतं.

मी एका खुर्चीवर बसून हे पाहत होते. तिचं घर पाडायला म्हणून मी कुदळ आणली आणि तिनं त्याच कुदळीनं पायाचा दगड बसवला. जळणाऱ्याच्या नशिबी असंच येतं. माझं शस्त्रसुद्धा तिच्या कामी आलं.

शेवटी तिनं अकोटचीसाठी एक छोटी पाटी केली. सुंदर अक्षरात माझं पूर्ण नाव लिहिलं. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये माझं नाव असं दिव्याखाली लागावं म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली होती. नावाच्या आधी तिनं लिहिलं होतं, 'सौजन्य'.

संध्याकाळी लोक आले. माझे दोन शब्द मी बोलले, ते खरोखर दोनच होते. आम्ही शेजारी बसायचो, एवढं सांगून मी खाली उतरले. टोमणे सगळे विसरले होते, किंवा त्यांत दम राहिला नव्हता.

आता घरी जावं असा विचार करत होते, तर अकोटचीजवळ पाच-सहा बाया जमलेल्या दिसल्या. चपला काढून त्या चक्क तिच्यावर बसल्या होत्या. एकीनं विचारलं, 'हा काळा डाग कायचा व्हय?'

पाटी पाहून कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. मी गेले आणि सांगितलं. इस्त्रीचा. माझ्या भावाला पाहुणे पाहायला येणार होते, लाइट गेली म्हणून कोळशाची इस्त्री काढली आणि तेवढ्यात दार वाजलं.

'अन् हे पिवळं?'

ते हळदीचं. हळदीच्या पाटावरून नवरी उठली आणि तशीच इथं येऊन बसली. नवरी म्हणजे मीच.

'हे इतकं झिजलेलं?'

ती आत्याची जागा. पूर्वी रोज दुपारी ती इथंच बसून वाती वळायची. तिला आता कोठीशेजारी बसावं लागतं, म्हणून तक्रार करते. मग मी उंदरानं कुरतडलेली बाजू दाखवली, शाईचा थेंब दाखवला, वडील बदलीचा कागद हातात घेऊन गप्प बसले होते ती कड दाखवली. बाया उठेनात. त्यांच्या मागं अजून माणसं उभी राहिली. एक आजोबा खाली बसून बोंडावर हात फिरवत म्हणाले, 'एकदम बराबर काढलं हो, आता येचाले झालं.' मी बोलत होते आणि मला थांबावंसं वाटत नव्हतं. इतकं मला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

मान वळवली तेव्हा मैत्रीण मागे उभी होती. तिच्या गालिच्याजवळ कोणी नव्हतं. तो वर दिव्याखाली टांगलेला, एक डाग नाही, एक धागा निघालेला नाही. त्याच्यावर कधी कोणी बसलंच नव्हतं. ती माझं बोलणं ऐकत होती, ओठ आवळून, हसरा चेहरा करून. तो चेहरा मला चांगला ओळखीचा आहे. मी तो अमरावतीच्या आमच्या आरशात वर्षानुवर्षं पाहत आले.

लोक गेल्यावर मी अकोटची गुंडाळायला घेतली. मैत्रीण माझ्या शेजारी येऊन बसली आणि दुसऱ्या बाजूनं तीही गुंडाळू लागली. मधेच थांबली.

'हे मले दे ना वं,' ती म्हणाली. 'माह्या गालिच्यासंग राहू दे. याच्यापुढं सगळीकडं दोन्ही सोबतच लावीन. तुहं नाव देईन.'

'नाही.'

'कावून? कोठीखाली त पडून राहते. तुमच्या काय कामाची?'

मी सुतळी घट्ट ओढली, गाठ मारली, आणि वर पाहिलं.

'आमी बसतो त्याच्यावर,' मी म्हणाले.